लाइन बॅलन्सिंग

तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाईची छोटी छोटी कामे पाडून, प्रत्येक मशीनवर जवळपास सारखाच वेळ लागेल अशी कामांची, ऑपरेटरांची आणि मशीनची वाटणी करणे म्हणजे लाइन बॅलन्सिंग. गल्लीतला शिंपी अख्खा शर्ट एकहाती शिवतो. कारखान्यात खांदा एक जण जोडतो, कॉलर दुसरी चढवते, बाही तिसरी लावते. त्यामुळे दिवसाला किती माल निघणार हे सर्वांत वेळखाऊ कामावर ठरते. त्या कामाला फ्लोअरवर बॉटलनेक म्हणतात.

समजा, खांदा जोडायला ४० सेकंद, कॉलर चढवायला ७५, बाही लावायला ४५, बाजू शिवायला ४२ आणि घेर मुडपायला ३८ सेकंद लागतात. शिलाई एकूण २४० सेकंदांची. तरी तासाला पीस निघतात ४८च, कारण ३,६०० सेकंदांत ७५ सेकंद तेवढ्याच वेळा बसतात. खांदेवाल्याची बंडले, म्हणजे एकत्र बांधलेले अर्धवट पीस, कॉलरच्या मशीनपाशी साचत जातात आणि पुढचे तिघे हात रिकामे ठेवून वाट पाहतात. पाच जणांच्या वेळेतला ६४ टक्केच वेळ शिलाईत जातो. कॉलरला आणखी एक मशीन आणि एक ऑपरेटर दिला, की बॉटलनेक बाहीकडे सरकतो, तासाला ८० पीस निघतात आणि शिलाईत जाणारा वेळ ८९ टक्क्यांवर पोचतो. माणशी उत्पादन ताशी ९.६ वरून १३.३ पीस होते. यात कुणालाही आपली शिलाई एका सेकंदानेही लवकर उरकावी लागलेली नाही. टार्गेट चुकले की ऑपरेटरवर ओरडणाऱ्या प्रत्येक सुपरवायझरने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

साचलेल्या बंडलांची किंमतही मोठी असते. ताशी ४८ पीस देणाऱ्या लाइनवर ७२० अर्धवट पीस पडून असतील, तर नव्याने लाइनवर चढलेला पीस १५ तासांनी बाहेर पडतो. शिलाई चार मिनिटांची, प्रवास जवळपास दोन पाळ्यांचा! कॉलरचे टोक वाकडे येते आहे हे शेवटच्या चेकिंग टेबलावर कळेपर्यंत शेकडो कॉलरी तशाच चढलेल्या असतात आणि सगळा माल उसवून अल्टरला, म्हणजे दुरुस्तीला, परत येतो. म्हणून लहान बंडले आणि लाइनच्या मधोमध चेकिंग हे दोन उपाय नवे मशीन घेण्याआधी करून पाहावेत.

बंडलाचे मूळ कटिंग टेबलावर असते. थरावर थर अंथरून कापलेल्या कापडाच्या प्रत्येक तुकड्यावर नंबराचे बारीक स्टिकर लावतात. एकाच रंगाच्या दोन ताग्यांत छटेचा फरक असतो. सातव्या थराची बाही सातव्याच थराच्या अंगाला लागली नाही, तर उन्हात नेल्यावर शर्ट दुरंगी दिसतो. स्टिकर लावणाऱ्या हेल्परला पगार सर्वांत कमी असतो, पण तिची एक चूक पूर्ण लाइनला भोवते.

कामाचे वेळ स्टॉपवॉचने मोजतात आणि त्यात थकवा, दोरा तुटणे, पाणी पिण्याला उठणे यांची सूट धरतात. ही सूट कापून कागदावर साधलेला तोल दुपारपर्यंतही टिकत नाही. कोणाला कोणती कामे येतात याचा तक्ता हाताशी असला, तर गैरहजेरीच्या दिवशी लाइन अडत नाही.

मात्र लाइन कितीही जुळवली, तरी बटण, झिप किंवा लेबल वेळेत आले नाही तर ती उभीच राहते. कपड्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा कापडाचा, त्यामुळे चुकीचा माल आधीच शिवून ठेवणे परवडत नाही. इटलीच्या बेनेटनने यावर एक चांगली तोड काढली. रंगवलेल्या लोकरीचे स्वेटर विणण्याऐवजी काही स्वेटर बिनरंगी विणून ठेवायचे आणि मागणी दिसली की रंगवायचे. गणवेशासाठी ओळखल्या जाणाऱ्या सोलापुरातही ही रीत लागू पडते. महाराष्ट्रातल्या शाळा जूनमध्ये उघडतात आणि मागणी त्याआधी एकदम अंगावर येते. पांढरे शर्ट आधी शिवून ठेवले आणि खिशावरचे शाळेचे बोधचिन्ह ऑर्डरीनंतर भरले, तर उन्हाळ्यातली रात्रपाळी बरीच टळू शकते.

कापड उशिरा आले, नमुन्याला मंजुरी उशिरा मिळाली, तरी निर्यातीच्या मालाची जहाजाची तारीख सहसा तीच राहते आणि हरवलेले दिवस शिलाईच्या मजल्यावरून वसूल केले जातात. ही घाई कोणत्या टोकाला जाऊ शकते ते पाहा. बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावर येथील राणा प्लाझा इमारतीला २३ एप्रिल २०१३ रोजी भेगा दिसल्या. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद झाली. कपड्यांच्या कारखान्यांतील कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावले गेले. इमारत कोसळून १,१३४ जणांचा मृत्यू झाला.