भरलेल्या बॅटरीने घाट उतरू नका

2001 साली बेंगळुरूहून आलेल्या रेवासारख्या जुन्या इलेक्ट्रिक कारला थांबवायला दोघं असतात: ब्रेक शू (चाकाच्या ड्रमला, म्हणजे गोल डब्याला, आतून घासून थांबवणारे) आणि मोटर. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटर डायनॅमोसारखी वीज बनवू लागते, ती बॅटरीत जाते आणि गाडी आवरते. धुळे-जळगावच्या सपाट रस्त्यावर हे जाणवतही नाही. कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना मात्र मोटर साथ देते की नाही, यावर सगळं असतं.

हिशेब करू. माणसांसह गाडी 850 किलो आणि उतार 300 मीटर धरला, तर जिरवायची ऊर्जा सुमारे 25 लाख ज्यूल. ताशी 40 किलोमीटरवरून एकदा थांबायला लागतात 52 हजार. म्हणजे हा उतार साधारण 48 वेळा थांबण्याइतका, तोही ड्रम गार व्हायला उसंत न देता.

आता वर कन्नडला चार्जिंग पूर्ण करून निघालात तर? 6 व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, 200 अँपिअर-तास, म्हणजे एकूण 9.6 युनिट, घाटातून येणारी वीज जेमतेम 0.7 युनिट. तेव्हा अडचण जागेपेक्षा वीज भरण्याच्या वेगाची आहे. भरत आलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी मोठा करंट घेतच नाही. व्होल्टेज झटक्यात 57-58 वर जातं, पाण्याचा गॅस होऊ लागतो आणि कंट्रोलर (मोटरची वीज सांभाळणारं यंत्र) मोटरचा ब्रेक आवरता घेतो. बॅटरी 10 अंशांनी तापली की गॅस होण्याची ही मर्यादा साधारण एका व्होल्टने खाली येते, आणि खान्देशातला मे महिना ठाऊकच आहे. वर चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवावं.

मोटरने हात काढला की सगळा भार ड्रमवर. तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब सरकतो, लायनर (शूवरचा घासणारा थर) गुळगुळीत होतो, पेडल खाली जातं. त्यात ब्रेक ऑईल जुनं असेल तर आणखी वाईट: डॉट 3 प्रकारचं ऑईल नवं असताना 205 अंशांना उकळतं, ओल धरल्यावर 140 ला. वाफ दाबली जाते, ऑईल दाबलं जात नाही; म्हणून पेडल एकाएकी तळाला टेकतं. अशा वेळी भराभर पंप मारा आणि हँडब्रेक हळूहळू ओढा, तो ऑईलवर नव्हे, केबलवर चालतो. ऑईल दोन वर्षांनी बदलाच.

उलटा त्रासही होतो. एरवी मोटरच थांबवत असल्याने शू रिकामे राहतात आणि पावसाळ्यानंतर व्हील सिलिंडरचा (चाकातला, शू ढकलणारा) पिस्टन गंजून अडकतो. चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा. अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा स्क्रू) चाक अडेपर्यंत आवळा, मग मोकळं फिरेपर्यंत सोडा. पेडल स्पंजासारखं लागलं तर ब्रेक ऑईलच्या नळीत एअर धरली आहे. मास्टर सिलिंडरपासून (पेडलने ऑईल दाबणारा) सर्वांत लांबच्या चाकापासून ती काढायला सुरुवात करा. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

पावसात ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आलेली काळी माती साबणासारखी असते. मोटरचा ब्रेक फक्त मागच्या चाकांवर येतो, तेव्हा तिथे पाय एकदम उचलला तर मागची बाजू घसरते. पाय हळूहळू उचला. गाडी थांबल्यावर मोटर काहीच धरत नाही. हँडब्रेक लावाच, उतारावर चाकाला दगडही.

मोटरने वेग कमी होताना मागचा लाल दिवा लागतो का, हे कुणाला तरी मागे उभं करून बघून घ्या. लागत नसेल तर पेडलवर दिवा पेटण्यापुरता पाय ठेवा.