लाकडी फ्लोअरिंगवर फोड का उठतात?

नव्या लाकडी फ्लोअरिंगवर कधी कधी फळ्यांच्या कडेने बारीक उंचवटे दिसतात. डोक्यावर दिवा असताना ते लपून राहतात, पण खिडकीतून तिरपं ऊन आलं की ओळीने उठून दिसतात. घरमालक फळीला दोष देतो. बहुतेक वेळा त्या उंचवट्याखाली एक खिळा असतो, चुकीच्या कोनात गेलेला किंवा गरजेपेक्षा जास्त जोराने मारलेला.

लाकूड म्हणजे एका दिशेने रचलेल्या लांबट पोकळ पेशी. उसाच्या मोळीसारखंच. मोळी आडवी तोडायची तर कोयता चालवावा लागतो, पण दोन उसांच्या मध्ये हात घालून ती सहज उकलता येते. खिळ्याचं अणकुचीदार टोक नेमकं हेच करतं. ते तंतू तोडत नाही, त्यांना बाजूला सारतं आणि फळी तंतूंच्या रेषेतून फाटते. म्हणून जुने सुतार खिळ्याचं टोक हातोडीने जरा बोथट करून घेतात. बोथट टोक समोरचे तंतू चिरडत आत जातं, त्यामुळे पाचरीसारखा ताण कमी पडतो.

एंजिनिअर्ड फळीत यावर उपाय आधीच केलेला असतो. वर दोन ते चार मिलिमीटर ओक किंवा सागाचा थर, खाली प्लायचे थर, प्रत्येकाची रेषा शेजारच्याला आडवी. एका थरात चीर पडू लागली की पुढचा थर तिला अडवतो. मग फाटतं कुठे? फळीच्या कडेला जी बारीक पट्टी बाहेर आलेली असते, मिस्त्री जिला टंग म्हणतात, तिथे. ती शेजारच्या फळीच्या खाचेत बसते. जाडीला ती जेमतेम काही मिलिमीटर असते, आणि सगळे खिळे तिच्याच मुळाशी, साधारण ४५ अंशांत तिरके मारायचे असतात. इतक्या थोड्या लाकडात दोन-तीनच थर उरतात. तिथे साधा जाड खिळा मारणं म्हणजे टंग फोडणंच. पातळ फळीला १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचा क्लीट (फ्लोअरिंगचा खास खिळा) पुरतो. १६ गेजचा १.६ मिलिमीटरचा असतो. फरक कागदावर किरकोळ वाटतो, टंगला मात्र तो जाणवतो.

हे खिळे हवेच्या दाबावर चालणाऱ्या गनने मारतात, आणि सगळ्यात जास्त नुकसान होतं ते तिच्या कॉम्प्रेसरच्या दाबामुळे. दाब जास्त असला की खिळ्याचं डोकं टंगमध्ये खोल रुततं, टंग चिरते आणि वरचा पातळ थर खालून ढकलला जाऊन फोड उठतो. दाब कमी पडला तर डोकं वर राहतं, पुढची फळी खाचेत पूर्ण बसत नाही, आणि हातोडीने ती बसवायच्या नादात कडेचं पॉलिश उडतं. गनवर दिलेल्या मर्यादेत सगळ्यात कमी दाबापासून सुरुवात करावी आणि टाकाऊ तुकड्यांवर मारून बघत पाच-पाच पीएसआय (दाबाचं एकक) वाढवावा. डोकं टंगच्या पृष्ठभागाशी सपाट बसलं की तिथेच थांबावं. जरासं वर राहिलेलं डोकं पंचने, म्हणजे खिळा आत ठोकायच्या लोखंडी दांडीने, बसवता येतं. खोल रुतलेल्यावर मात्र काही इलाज नाही.

गनच्या तळाशी फळीच्या जाडीप्रमाणे बदलायची पट्टी असते, तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. १९ मिलिमीटरच्या फळीची पट्टी तशीच ठेवून १२ मिलिमीटरच्या फळीवर काम सुरू केलं, तर खिळा टंगच्या मुळाशी न जाता भलत्याच उंचीवर घुसतो. मग दाब कितीही नीट लावा, फोड येणारच. त्या पट्टीखाली वाळूचा एक कण अडकला तरी नव्या पॉलिशवर लांबच लांब ओरखडा उठतो. दोन-तीन ओळी झाल्या की उजेडाची बॅटरी (टॉर्च) जमिनीलगत आडवी धरून उंचवटे दिसतात का ते बघावं. पुढच्या ओळी चढण्याआधी फळी काढता येते.

आता हवेचं. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर लाकडात साधारण १२ टक्के पाणी राहतं, ९० टक्के असेल तर २० च्या आसपास. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाळ्यात आणि तासगाव-जतच्या उन्हाळ्यात एकच फळी दोन वेगळ्या वस्तूंसारखी वागते. फार कोरडं लाकूड ठिसूळ होऊन खिळ्याला चटकन फाटतं. फार ओलं असताना बसवलं तर पुढे आकसतं, खिळे सैल पडतात आणि चालताना करकर सुरू होते. मिरजेचे सतारमेकर तूनचं लाकूड आधी चांगलं वाळू देतात, ते उगीच नाही. फ्लोअरिंगसाठी ओलावा मोजायचं मीटर वापरावं: फळी आणि तिच्याखालचा प्लाय यांच्या ओलाव्यात रुंद फळीसाठी दोन टक्क्यांहून जास्त फरक नसावा. माझ्या मते घाटमाथ्यावर हे काम दिवाळीनंतरच काढावं, जून ते सप्टेंबर तर मुळीच नाही.

आपल्याकडे खाली बहुधा काँक्रीटचा स्लॅब असतो, आणि त्यात हे खिळे धरत नाहीत. आधी ओल अडवणारी शीट, मग १८-१९ मिलिमीटरचा प्लाय पक्का बसवावा लागतो. एवढी उंची वाढवायची नसेल, तर खिळ्यांचा हट्ट सोडून फळ्या गोंदाने चिकटवाव्यात. भिंतीजवळच्या शेवटच्या दोन ओळींत गन मावत नाही, तिथेही गोंदच बरा. भिंतीपाशी सुमारे एक सेंटिमीटर फट सोडावी, म्हणजे पावसाळ्यात फुगायला फळ्यांना जागा राहते. फट स्कर्टिंगखाली झाकली जाते. फक्त स्कर्टिंगचे खिळे भिंतीत मारावेत, फळीत नाही.