हॉक्स्टेटलर घराणे

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातील आमिश या ख्रिस्ती पंथाचे एक आद्य शेतकरी घराणे. मूळपुरुष जेकब हॉक्स्टेटलर (मृत्यू 1776) हा 1738 साली ‘चार्मिंग नॅन्सी’ या जहाजातून फिलाडेल्फियाला उतरला, असे आता मानले जाते. ओहायो-इंडियानाकडच्या आमिश वस्त्यांत या घराण्याशी काहीच नाते नसलेला माणूस मुद्दाम शोधावा लागेल. आडनाव मात्र लिहिणाऱ्याच्या कानाप्रमाणे होस्टेटलर, हॉक्स्टेडलर असे बदलत गेले.

आमिशांचे मूळ 1525 मध्ये झुरिकला सुरू झालेल्या पुनर्बाप्तिस्मावादी चळवळीत आहे. बाप्तिस्मा जाणत्या वयात घ्यायचा, शपथ घ्यायची नाही, शस्त्र उचलायचे नाही, ही त्यांची शिकवण. 1693 मध्ये याकोब आमान याच्या कडक शिस्तीच्या आग्रहावरून फूट पडली आणि त्याचे अनुयायी आमिश ठरले. स्वित्झर्लंडमधून हाकलले गेलेले हे लोक आल्सेसमध्ये कुळे म्हणून राबले. जमीन दुसऱ्याची, तीही बऱ्याचदा डोंगराळ. तीतून पीक काढायचे तर गोठ्यातले खत, क्लोव्हरसारखा चारा आणि पिकांची फेरपालट यांवाचून गत्यंतर नव्हते. पुढे अमेरिकेत आमिश शेतकऱ्याची जी भरभराट झाली तिचे बरेचसे श्रेय या कुळकीच्या शाळेला द्यावे लागेल.

जेकबने बर्क्स काउंटीत, ब्लू माउंटनच्या पायथ्याशी नॉर्थकिल ओढ्याकाठी शेत केले. ही अमेरिकेतली पहिली ठळक आमिश वस्ती. ओंडक्यांचे घर, खाली तळघर, भोवती सफरचंद आणि पीचची बाग. थोरला मुलगा जॉन आणि मुलगी बार्बरा यांचे संसार जवळच. पण ही वसाहतीची अगदी कड होती. 1737 च्या कुप्रसिद्ध ‘वॉकिंग पर्चेस’मध्ये वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याच्या मुलांनी डेलावेअर (लेनापे) या मूळनिवासी लोकांची विस्तीर्ण जमीन लबाडीने बळकावली होती. 1754 नंतर फ्रेंच-इंग्रज युद्ध पेटले आणि डेलावेअर व शॉनी योद्धे फ्रेंचांच्या बाजूने सीमेवर उतरले. घराण्याच्या कथनांत ही बाजू क्वचितच येते, पण ती सोडली तर पुढचा प्रसंग आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

कौटुंबिक परंपरेनुसार 19 सप्टेंबर 1757 च्या संध्याकाळी वस्तीतली तरुण मुले वाळवणासाठी सफरचंदाच्या फोडी करायला जेकबकडे जमली होती. ती पांगल्यावर रात्री कुत्रा भुंकला. धाकट्या जेकबने दार उघडले, तोच त्याच्या पायात गोळी शिरली. घरात बंदुका होत्या. जोसेफ आणि ख्रिश्चन हे भाऊ नेमबाज होते. त्यांनी हात घातला, तर बापाने अडवले : आपला जीव वाचवायला दुसऱ्याचा घ्यायचा नाही. घर पेटले तशी सगळी तळघरात उतरली आणि वरून पडणाऱ्या निखाऱ्यांवर सफरचंदाचा आंबवलेला रस शिंपडत राहिली. पहाटे हल्लेखोर निघालेले पाहून ती अरुंद खिडकीतून बाहेर पडू लागली. आईचे अंग भारी, ती अडकली. इतक्यात बागेत पीच तोडायला मागे रेंगाळलेल्या एका तरुण योद्ध्याची नजर त्यांच्यावर पडली. आई, धाकटा जेकब आणि एक मुलगी मारली गेली. जेकब, जोसेफ व ख्रिश्चन कैद झाले. आईने पूर्वी कधी दाराशी आलेल्यांना अन्न नाकारले होते, म्हणून तिच्यावर विशेष राग होता, असेही सांगतात. हे बहुधा नंतर जोडलेले कारण असावे.

निघताना जेकबने मुलांना पीच बरोबर घ्यायला लावले. मुक्कामी पोचल्यावर ती फळे मुखियापुढे ठेवली आणि कैद्यांच्या वाट्याला येणारी मारहाण टळली, असे परंपरा सांगते. वेगळे होताना त्याने मुलांना एवढेच बजावले की जर्मन विसरलात तरी आपले नाव आणि प्रभूची प्रार्थना विसरू नका. 1758 च्या वसंतात तो निसटला आणि तराफ्यावरून सस्क्वेहॅनाच्या प्रवाहाबरोबर, जवळजवळ उपाशी, फोर्ट ऑगस्टा या इंग्रजांच्या किल्ल्यापर्यंत आला. ऑगस्ट 1762 मध्ये त्याने गव्हर्नर जेम्स हॅमिल्टन याच्याकडे मुलांच्या सुटकेसाठी अर्ज केला. दोघेही परतले, पण युद्ध संपल्यावर. ख्रिश्चनची आठवण घराण्यात फार जपली गेली : बाप जेवत असताना दाराशी अमेरिकन इंडियन वेशातला एक तरुण आला, मोडक्या जर्मनमध्ये त्याने नाव सांगितले, तेव्हा ओळख पटली. पुढे ख्रिश्चन आमिश राहिला नाही. तो डंकर या जाणत्या वयातच बाप्तिस्मा देणाऱ्या दुसऱ्या जर्मन पंथात गेला आणि तिथे प्रवचनकार झाला.

नॉर्थकिलची वस्ती हळूहळू मोडली. वंशज सॉमरसेट काउंटीत, मग ओहायोतल्या होम्स काउंटीत आणि आणखी पश्चिमेला पांगले. 1912 मध्ये हार्वे होस्टेटलर याने जेकबच्या वंशजांचा हजाराहून अधिक पानांचा कुलवृत्तान्त छापला; बार्बराच्या शाखेचा वेगळा खंड 1938 मध्ये आला. त्यांत प्रत्येक कुटुंबाला क्रमांक आहे आणि वंशावळीत रमणारे आजही तो देऊन आपली शाखा सांगतात. मोजक्या आडनावांत, सारख्याच नावांच्या माणसांत याला पर्याय नाही. गावात मात्र टोपणनावावर भागते. बाहेरून फारसे कोणी पंथात येत नसल्याने ही पुस्तके वैद्यकालाही कामी आली. 1960 च्या दशकात आनुवंशिकीतज्ज्ञ व्हिक्टर मक्युसिक याने आमिशांतील आनुवंशिक विकारांचा माग वंशावळींवरूनच काढला. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरमधील एलिस-व्हॅन क्रेव्हेल्ड विकाराचा (खुजेपणा आणि हाताला जादा बोटे) धागा त्याने 1744 मध्ये आलेल्या सॅम्युएल किंग दांपत्यापर्यंत नेला होता.