मदरबोर्डची वीजजोडणी

टेबलावरच्या संगणकात भिंतीवरच्या प्लगमधले २३० व्होल्ट मदरबोर्डपर्यंत, म्हणजे सगळे भाग जिला जोडलेले असतात त्या मुख्य पाटीपर्यंत, कधीच पोचत नाहीत. कॅबिनेटच्या कोपऱ्यात बसवलेला पत्र्याचा डबा त्यांचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करतो आणि तारांच्या जुडग्यांतून बोर्डला पुरवतो. या डब्याला आपल्याकडे दुकानदारापासून विद्यार्थ्यापर्यंत सगळे ‘एसएमपीएस’ म्हणतात. ही जुडगी योग्य जागी बसवणे म्हणजे मदरबोर्डची वीजजोडणी. संगणक सुरू होत नसेल तर शोधाची सुरुवातही इथूनच करावी लागते.

आजची जोडणी इंटेलने १९९५ साली आणलेल्या एटीएक्स मानकावर उभी आहे. त्याआधीच्या ‘एटी’ संगणकांत सहा-सहा पिनांचे दोन कनेक्टर शेजारी शेजारी बसवावे लागत आणि ते दिसायला सारखेच असत. दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत, एवढे एकच लक्षात ठेवायचे. ते चुकले तर बोर्ड जळण्याची भीती असे. शिवाय पुढच्या बटणापर्यंत चक्क घरातली वीज खेळवलेली असे. एटीएक्सने हे दोन्ही धोके काढून टाकले. आता काही पिनांची घरे चौकोनी, तर काहींची कोपरे कापलेली असतात, त्यामुळे कनेक्टर उलटा बसत नाही. बटणही वीज तोडत-जोडत नाही, बोर्डला फक्त इशारा देते.

मुख्य कनेक्टर आधी २० पिनांचा होता, २००३ पासून तो २४ पिनांचा झाला. रंगीत तारांच्या एसएमपीएसमध्ये पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ ची, नारिंगी ३.३ ची आणि काळ्या सगळ्या ग्राउंडच्या, म्हणजे वीज परत जाण्याच्या शून्य व्होल्टच्या, असतात. जांभळ्या तारेत संगणक बंद असतानाही ५ व्होल्ट असतात. हिरवी तार म्हणजे ‘सुरू हो’ हा बोर्डचा हुकूम आणि करडी म्हणजे ‘वीज स्थिर झाली’ हे एसएमपीएसचे उत्तर. हल्ली सगळ्याच तारा काळ्या देण्याची टूम निघाली आहे. ती दिसायला देखणी असली तरी दुरुस्तीला बसणाऱ्याला तारा मोजत बसावे लागते.

नवशिक्यांकडून सर्वांत जास्त विसरला जातो तो दुसरा कनेक्टर. बोर्डच्या वरच्या कडेला, प्रोसेसरजवळ तो चार किंवा आठ पिनांचा असतो. इंटेलच्या पेंटियम ४ प्रोसेसरच्या काळात, २००० साली, तो आला. त्याचे कारण साध्या गणितात आहे. १०० वॅट शक्ती ५ व्होल्टवर न्यायची तर २० अँपिअर प्रवाह लागतो, १२ व्होल्टवर साडेआठही लागत नाही. प्रवाह कमी म्हणजे तारा आणि पिना कमी तापतात. प्रोसेसरला प्रत्यक्षात एक व्होल्टच्या आसपासच वीज हवी असते, १२ व्होल्ट तेवढे खाली उतरवण्याचे काम त्याच्या शेजारची सर्किटे करतात. हा कनेक्टर लावायचा राहिला तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा काळाच राहतो, कारण पंख्यांना वीज २४ पिनांतून मिळते. ‘बोर्ड डेड आहे’ असा निकाल देण्याआधी तिथे एकदा नजर टाकावी.

ग्राफिक्स कार्डासाठीही आठ पिनांचा कनेक्टर असतो, पण तो वेगळा. प्रोसेसरचा मधून चार अधिक चार असा सुटतो, कार्डाचा सहा अधिक दोन. दोघांत १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या ओळी उलट्या बाजूंना असतात, म्हणून जोर लावून बसवण्याचा मोह टाळावा. सुट्या तारांच्या म्हणजे मॉड्युलर एसएमपीएसची तर एक खोडच आहे: बोर्डकडचे टोक मानकाप्रमाणे असते, डब्याकडचे टोक मात्र ज्या-त्या कंपनीच्या मर्जीने. जुन्या एसएमपीएसच्या तारा ‘बसतात ना’ म्हणून नव्याला लावणे हा हार्ड डिस्क जाळण्याचा हमखास मार्ग आहे.

संगणक सुरू होण्याचा क्रम कळला की बिघाड शोधणे सोपे जाते. प्लग लावताच जांभळी तार जिवंत होते. बटण दाबले की बोर्ड हिरवी तार ग्राउंडला जोडतो. एसएमपीएस जागा होतो, व्होल्टेज स्थिरावले की १०० ते ५०० मिलिसेकंदांत करडी तार तसे कळवते. तेव्हा कुठे प्रोसेसर बायोसमधली, म्हणजे बोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅममधली, पहिली आज्ञा वाचतो. गाडी कुठल्या पायरीवर अडली, एवढेच शोधायचे.

काहीच हलत नसेल तर आधी डब्यामागचा स्विच आणि प्लगची तार पाहावी. मग कॅबिनेटच्या बटणाच्या बारीक तारा. त्या चुकीच्या पिनांवर बसणे अगदी नेहमीचे. बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडून संगणक सुरू झाला, तर दोष बटणात किंवा त्याच्या तारांत. एसएमपीएस एकटा तपासायचा तर २४ पिनांचा कनेक्टर बोर्डवरून काढून हिरवी आणि कुठलीही काळी तार क्लिपने जोडतात. बऱ्याच नव्या एसएमपीएसचा पंखा कमी भारावर फिरत नाही, त्यामुळे पंख्यावर विसंबू नये, मल्टिमीटर लावावा. १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ च्या मध्ये हवी. डबा उघडू मात्र नये. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० हून अधिक व्होल्ट उरलेले असू शकतात.

पंखे क्षणभर फिरून थांबत असतील तर बहुधा कुठेतरी शॉर्ट असतो. बोर्डखाली चुकीच्या जागी राहिलेला पितळी स्क्रू हा नेहमीचा गुन्हेगार. अशा वेळी बोर्ड बाहेर काढून खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवतात आणि फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा व एक रॅम लावून पाहतात.

पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, ही मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापासून गावातल्या दुरुस्तीच्या दुकानापर्यंत रोज येणारी तक्रार. त्यावरचा आपला लाडका उपाय म्हणजे रॅम काढून खोडरबरने पुसणे. कोकणातल्या दमट हवेत तो बऱ्याचदा लागू पडतो, पण श्रेय खोडरबराइतकेच रॅम पुन्हा नीट बसवण्याला द्यायला हवे, आणि सोन्याचा पातळ मुलामा दर वेळी थोडा झिजतो तो वेगळाच.

अर्थिंग ही आपल्या जुन्या घरांतली खास अडचण. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर बहुधा एसएमपीएस निर्दोष असतो. त्यातल्या फिल्टरची गळती वीज जमिनीत जायला वाटच नसते. इलाज इलेक्ट्रिशियनकडे आहे, संगणकाच्या दुकानात नाही.

डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमचा नवा संगणक पहिल्यांदा सुरू करताना रॅमची जुळवणी होत असते. त्यात काही मिनिटे पडदा काळा राहू शकतो. तेवढ्यात घाबरून बटण दाबले, की जुळवणी पुन्हा पहिल्यापासून.