गट, गण आणि एकच उमेदवार

जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचे मतदान एकाच दिवशी असते. गावातला मतदार दोन मते देतो, एक गटाला (जिल्हा परिषदेचा मतदारसंघ) आणि एक गणाला (पंचायत समितीचा मतदारसंघ). एका गटात दोन गण. आरक्षणाची सोडत झाली, इच्छुकांची धावपळ सुरू झाली, की तहसील कचेरीत एक प्रश्न हमखास निघतो: गटातही अर्ज टाकला आणि गणातही, तर चालेल का? लगेच कुणीतरी लोकसभेचा दाखला देतो. मोठे नेते दोन जागा लढवतात, मग आपण का नाही? गफलत इथेच होते, कारण लोकसभेचा तो कायदा पंचायतीला लागूच होत नाही.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ लोकसभा-विधानसभेचा आहे. सुरुवातीला त्यात जागांवर मर्यादाच नव्हती. १९५७ साली अटलबिहारी वाजपेयी लखनौ, मथुरा आणि बलरामपूर अशा तीन ठिकाणी उभे राहिले, निवडून आले बलरामपुरातून. १९८५ मध्ये आंध्रात एन. टी. रामाराव यांनी तीन जागा लढवून तिन्ही जिंकल्या. १९८९ मध्ये देवीलाल यांनी तर तीन वेगवेगळ्या राज्यांत अर्ज भरले आणि सीकर व रोहतक जिंकले. अखेर १९९६ च्या दुरुस्तीने कलम ३३(७) आले आणि मर्यादा दोनवर आली. दोन्ही जिंकल्या तर १४ दिवसांत एक सोडायची, नाहीतर दोन्ही जातात. २००४ मध्ये निवडणूक आयोगाने एकच जागा ठेवा असे सुचवले. ते मान्य नसेल तर पोटनिवडणुकीसाठी विधानसभेला ५ लाख आणि लोकसभेला १० लाख रुपये उमेदवाराकडून घ्या, असेही म्हटले. विधी आयोगानेही २०१५ च्या २५५ व्या अहवालात एकाच जागेची शिफारस केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बाब संसदेने ठरवायची आहे असे सांगून याचिका फेटाळली. मुभा आजही तशीच आहे.

स्थानिक निवडणुकांचे नियम मात्र ७३ व्या (पंचायतींबाबतच्या) आणि ७४ व्या (नगरपालिकांबाबतच्या) घटनादुरुस्तीनंतर त्या-त्या राज्याच्या विधिमंडळाकडे आणि राज्य निवडणूक आयोगाकडे आहेत. त्यामुळे एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्यात चालत नाही. उत्तराखंडात २०२५ मध्ये वेगळाच वाद पेटला: शहराच्या आणि गावाच्या अशा दोन्ही मतदार याद्यांत नाव असलेल्यांना पंचायतीची निवडणूक लढवता येईल का? राज्य आयोगाने परिपत्रक काढून वाट मोकळी केली, उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा त्यालाच २ लाखांचा दंड झाला. तिथल्या पंचायत राज कायद्यातच दुबार नोंदणीला मनाई होती.

महाराष्ट्रातल्या गट-गणाच्या प्रश्नाचे मूळ आपल्या रचनेतच आहे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्या मूळ रचनेत तालुक्यातून निवडून आलेला जिल्हा परिषद सदस्य आपोआप पंचायत समितीतही बसत असे. म्हणजे निवडणूक एक आणि सभागृहे दोन. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर ही सांगड तुटली आणि दोन्हीकडचे सदस्य वेगवेगळे निवडले जाऊ लागले. एक धागा मात्र उरला, पंचायत समितीचा सभापती अजूनही जिल्हा परिषदेचा पदसिद्ध सदस्य असतो. दोन्हीकडे एकच माणूस, ही सवय आपल्याकडे जुनी आहे ती अशी. शहरांतही ती होतीच. १९८५ मध्ये छगन भुजबळ मुंबईचे महापौर होते आणि माझगावचे आमदारही.

पण दोन पदे सांभाळणे वेगळे आणि दोन जागा लढवून एक सोडणे वेगळे. पहिल्यात काम रखडेल, दुसऱ्यात मतदाराचे मतच वाया जाते. म्हणून मला एक माणूस, एक अर्ज हेच रास्त वाटते, आणि गणाच्या बाबतीत तर जास्तच. लोकसभेची जागा सोडली तर लाखो अनोळखी मतदार मागे राहतात. गण सोडला तर मागे राहतात त्याच रस्त्याने रोज भेटणारे लोक. त्यातून मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांवर प्रशासक आले आणि निवडणुका लांबत गेल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या घ्या म्हणून आदेश द्यावा लागला. इतकी वर्षे सदस्याविना काढलेल्या गणाला निकालानंतर पुन्हा पोटनिवडणुकीची वाट पाहायला लावणे मला अन्यायाचे वाटते.