भत्ता बंद झाला आणि लोक कामावर परतले?

अमेरिकेबद्दलचा एक मेसेज अजून फिरतो: ‘करोनाकाळात सरकार घरबसल्या पैसे देत होतं म्हणून लोक कामावर जात नव्हते, भत्ता थांबताच सगळे परतले.’

हे पटण्यासारखं वाटतं, कारण बेरोजगारांना नेहमीच्या बेरोजगारी भत्त्यावर आठवड्याला आधी 600 आणि पुढे 300 डॉलर जादा मिळत होते, हे खरंच आहे. पण पडताळायची सोय तिथेच आहे. केंद्र सरकारचा हा जादा भत्ता 6 सप्टेंबर 2021 ला संपला; जवळपास निम्म्या राज्यांनी मात्र तो जून-जुलैमध्येच थांबवला होता. दोन्ही गटांतले रोजगाराचे मासिक आकडे शेजारी ठेवून पाहा. लवकर थांबवलेल्या राज्यांत रोजगार वाढला, पण थोडाच. बँक खात्यांच्या नोंदींवरून केलेल्या एका अभ्यासात, भत्ता गेलेल्या साधारण आठांपैकी एकालाच ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत त्यामुळे काम मिळालेलं दिसलं. बाकीच्यांच्या हातून पैसे गेले, काम आलं नाही. मला हे फार जिव्हारी लागतं.

शिवाय भत्त्यासाठी दर आठवड्याला भरायच्या अर्जात प्रश्न असायचा: या आठवड्यात कुठलं काम नाकारलंत का? योग्य काम विनाकारण नाकारलं, तर भत्ता थांबू शकत होता. आणि पाळणाघर बंद असेल, तर लहान मूल कोणाकडे ठेवणार?