प्रिंटला कंस लावले म्हणजे झालं?

इंदूरच्या मराठी सॉफ्टवेअरवाल्यांच्या ग्रुपांवर एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: ‘पायथन २ चं पॅकेज ३ वर न्यायचं म्हणजे प्रिंटला कंस लावायचे, बस.’ पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा, २ तिची जुनी आवृत्ती, ३ नवी; पॅकेज म्हणजे तिच्यातल्या कोडचा संच, आणि प्रिंट ही मजकूर पडद्यावर दाखवायची आज्ञा. असं वाटणं साहजिक आहे. नव्या आवृत्तीत प्रिंटला कंस नसला की प्रोग्राम लगेच अडतो, म्हणून तोच बदल नजरेत भरतो.

खरा ताप देतात ते न अडणारे बदल. ७ भागिले २ चं उत्तर जुनं पायथन ३ देतं, नवं ३.५. एरर नाही, हिशोब मात्र गुपचूप बदलतो. मजकूर त्याहून बेरकी. यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची एक पद्धत) वापरणाऱ्या टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘इंदूर’ची लांबी विचारा: जुन्यात १५, नव्यात ५. जुनं बाइट (साठवणीचं छोटं एकक) मोजतं, देवनागरीच्या दर चिन्हाला ३. नवं चिन्हं मोजतं: इ, अनुस्वार, द, ऊकार, र. नुसत्या इंग्रजी नावांवर चाचणी घेतली तर हा फरक दिसतच नाही, आणि बहुतेक जण तेवढीच घेतात!

पडताळायचं असेल तर पायथन २.७ ला ‘-3’ हा पर्याय देऊन पॅकेज चालवा. भागाकारासारख्या बऱ्याच जागांवर ते इशारा देतं. मग त्याच चाचण्या दोन्ही आवृत्त्यांवर, देवनागरी नावांसकट. कोड आपोआप बदलणारं ‘टू-टू-थ्री’ जरूर वापरा, पण भागाकाराला ते हात लावत नाही. ती प्रत्येक ओळ स्वतःच बघावी लागते.